शेफील्डचा लॅम्बफूट खिशात, जुना रॉजर्स संग्रहात: काय बघून घ्यावे?

सुतळीतोडा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि शेफील्डचे दोन घडीचे चाकू घ्यायचे आहेत. पहिला रोज खिशात राहणारा. खोकी उघडणे, सुतळी कापणे, पेन्सिलीला टोक करणे, सफरचंदाच्या फोडी, एवढीच कामे. कार्बन स्टीलचे एकच पाते, तेही लॅम्बफूट आकाराचे, इथवर ठरले आहे. दुसरा शेफील्डच्याच जोसेफ रॉजर्स या कारखान्याचा जुना चाकू, संग्रहासाठी.

अडलेय ते असे. चाकू जवळ बाळगण्याबद्दल जो तो वेगळे सांगतो. 'तीन इंचांपर्यंत चालतो' हे खरे का, आणि ते तीन इंच कुठून कुठे मोजायचे? नवा चाकू हातात आला की काय काय तपासावे? हाताने बनवलेले म्हटल्यावर दोन नग सारखे नसणार, मग कुठली कसर चालवून घ्यायची आणि कुठली परत पाठवायची? जुन्या रॉजर्सच्या टँगवरचे (पात्याच्या मुठीलगतच्या बोथट भागावरचे) शिक्के कसे वाचायचे? आणि लॅम्बफूट व शीपफूट यांतला फरक कोणी नीट सांगेल का, विक्रेते दोन्ही शब्द वाटेल तसे वापरतात.

---

तीनइंची

आधी कायदा, कारण कुठला चाकू घ्यायचा हे त्यावरूनच ठरते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टचे कलम १३९ लागू होते. सार्वजनिक जागी पाते असलेली किंवा अणकुचीदार वस्तू जवळ असणे हाच गुन्हा. त्यातून वगळलाय तो फक्त खिशातला घडीचा चाकू, आणि तोही कापणारी धार ३ इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर. असा चाकू का बाळगलात, याचे कारण द्यावे लागत नाही. त्याबाहेरच्या चाकूला मात्र सबळ कारण लागते, ते पटवून देण्याची जबाबदारी तुमची, आणि कमाल शिक्षा ४ वर्षे कैद.

खरी मेख 'घडीचा' या शब्दात आहे. मिटवण्याआधी बटण दाबावे लागते किंवा खटका सरकवावा लागतो तो चाकू या कलमापुरता घडीचा नव्हे, असा निर्णय १९९३च्या हॅरिस खटल्यात झाला आणि १९९८च्या डीगन खटल्यात अपील न्यायालयाने तोच उचलून धरला. त्यामुळे दोन इंची पात्याचा लॉकवाला चाकू सुटीबाहेर आणि पावणेतीन इंची साधा स्लिपजॉइंट (लॉक नसलेला) सुटीत, असा उलटा वाटणारा हिशोब होतो. तुम्ही म्हणताय तो पारंपरिक लॅम्बफूट स्लिपजॉइंटच असतो. पाते उघडे राहते ते पाठीच्या स्प्रिंगच्या दाबाने, दुसरे काही अडकवलेले नसते.

मोजण्याबद्दल. कायद्यात शब्द 'कापणारी धार' असा आहे. पण रस्त्यात तुमच्या चाकूला पट्टी लावणारा माणूस टँगजवळचा बोथट भाग वजा करत बसेल, यावर विसंबू नका. बोल्स्टरच्या (मुठीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) कडेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजा आणि ते ७६ मिमीच्या आत ठेवा. जाहिरातीत बहुधा मिटलेल्या चाकूची लांबी दिलेली असते. मिटलेला साडेतीन इंच, म्हणजे ८९ मिमी असेल तर पाते सहसा हद्दीत बसते. पावणेचार आणि चार इंची चौकटीत मात्र पात्याचे माप लेखी मागवल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन गोष्टी राहिल्या. ही सूट चाकूला आहे, हेतूला नाही. 'स्वसंरक्षणासाठी ठेवलाय' एवढे वाक्य तोंडातून गेले की १९५३चा प्रिव्हेन्शन ऑफ क्राइम अॅक्ट लागतो आणि मग तीन इंच, दोन इंच सगळे सारखेच. आणि न्यायालयाच्या दारात किंवा विमानतळाच्या तपासणीत कलम १३९चा दाखला देऊन उपयोग नाही, तिथे त्यांचे नियम. विमानप्रवासात चाकू चेक-इन सामानात जाऊ द्या.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा, १९९५चा, पण तीन इंच आणि घडीचा ही सूट तिथेही आहे.

---

पितळीखिळा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी चाकूकडे वळतो.

लॅम्बफूट आणि शीपफूट दोघांचीही धार पट्टीसारखी सरळ. फरक पाठीत आहे. शीपफूटची पाठ धारेला जवळजवळ समांतर जाते आणि टोकाशी एकदम गोल वळून खाली येते, त्यामुळे नाक बोथट. खलाशांच्या दोरकापू चाकूला तेच हवे असते, डोलत्या बोटीवर टोक कुठे घुसायला नको. लॅम्बफूटची पाठ टोकाकडे तिरकी उतरत जाते, पाते निमुळते होते आणि शेवटी कामाचे टोक मिळते. मेंढ्यांचे खूर साळायचा चाकू हा. तुमच्या कामांना तोच बरा. खोक्यावरची टेप टोकाने फोडता येते, फळीवर सफरचंद ठेवले तर सबंध धार एकदम टेकते, आणि धार लावायला याच्याइतके सोपे पाते नाही. एक उणीव सांगतो. लोणी लावणे, साल सोलणे अशा पोट (धारेचा फुगीर वळसा) लागणाऱ्या कामात हा अवघडतो. त्याला भाल्यासारख्या टोकाचा स्पिअर पॉइंट हवा.

आता तपासणी. चाकू डाव्या हातात पाठ वर करून धरा आणि मागे दिवा ठेवा. स्प्रिंग आणि पितळी लायनर (मुठीच्या आतली पातळ पट्टी) यांच्या मधून उजेड दिसतो का पाहा. बोल्स्टरजवळ केसाएवढी रेघ दिसली तर चालवून घ्या. साध्या छपाईच्या कागदाची पट्टी (साधारण ०.१ मिमी) फटीत सहज शिरत असेल तर नको. त्या फटीत खिशातले सूत आणि धूळ जाऊन बसते, मग ओल धरते, मग स्प्रिंग आतून गंजते, आणि तो गंज तुम्हाला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

नंतर पाते उघडून टोकाजवळ चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे ढकला. अजिबात हलायला नको. वर-खाली हलले तर प्रकरण आणखी वाईट, टँग आणि स्प्रिंग नीट बसलेली नाहीत. बाजूची हालचाल बोल्स्टरमधला पिन ठोकून निघू शकते, वर-खालीची घरी निघत नाही. सरळ परत.

मिटलेल्या चाकूत पात्याचे टोक दोन्ही लायनरच्या मधोमध असावे असे सगळे सांगतात. मी यात सवलत देतो. एकाच पात्याचा चाकू आहे, लायनरला घासत नसेल तर थोडे डावे-उजवे असेना का. घासत असेल तर पात्यावर एकाच बाजूला लांब ओरखडा उमटेल, दहा वेळा उघडझाप करून तो शोधा. टोक लायनरच्या कडेच्या वर आलेले मात्र अजिबात नको. मिटलेल्या चाकूवर अंगठा फिरवा, टोचले की नापास.

कव्हर (मुठीवरची बाहेरची पट्टी) आणि बोल्स्टरच्या सांध्यावरून नख फिरवा. अडकले तर कव्हर सुकून आकसलेय किंवा मुळातच नीट घासलेले नाही. म्हशीच्या शिंगाचे आणि लाकडाचे कव्हर हवामानाप्रमाणे थोडे हलते, ते गृहीत धरा. आबनूस दिसायला देखणा, पण पिनाजवळ तडकण्याचा दोष त्याचाच. खिशासाठी मी शिसवी किंवा शिंग सुचवेन. सांबरशिंगाच्या मागे धावू नका. भारताने निर्यात बंद केल्यापासून शेफील्डला चांगला माल मिळणे अवघड झालेय आणि सांबरशिंग म्हणून इतर हरणांचीही शिंगे विकली जातात. इतर शिंगांत आतला भुसभुशीत गाभा मोठा असतो, घासल्यावर कडेला सच्छिद्र भाग डोकावतो. तो दिसला की समजा.

चालवून घ्यायच्या कसरी: पिनांची डोकी किंचित वर-खाली, पात्यावर चाकाच्या बारीक रेघा, टँगवरचा शिक्का थोडा तिरका. यंत्रासारखी सफाई हवी असेल तर या चाकूंच्या वाटेला जाऊच नये, दुसरीकडे ती स्वस्तात मिळते.

बनवणारे आज मोजकेच उरलेत. लॅम्बफूटसाठी ए. राइट अँड सन हे नाव आधी निघते. १८३८ पासूनचे टेलर्स आय विटनेस आहे, टँगवर डोळ्याची खूण. जोसेफ रॉजर्स आणि जॉर्ज वोस्टनहोम ही दोन्ही जुनी नावे आता एगिंटन ग्रुपकडे आहेत. म्हणजे 'रॉजर्स' लिहिलेला नवाकोरा चाकू बनावट असेलच असे नाही, पण तो नॉरफोक स्ट्रीटवरच्या जुन्या रॉजर्स कारखान्यातलाही नव्हे. पुढचे जुनाबाजार सांगतीलच.

---

जुनाबाजार

बोलावलेत तर येतो.

रॉजर्सची खूण म्हणजे चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रॉस. पत्ता ६, नॉरफोक स्ट्रीट. कारखाना फार मोठा, माल जगभर गेलेला, त्यामुळे चाकू दुर्मिळ नाहीत. दुर्मिळ आहेत ते चांगल्या अवस्थेतले. नक्कलही तितकीच झाली. 'रॉजर्स'च्या इंग्रजी स्पेलिंगमधले 'डी' गाळलेले नाव, चांदणीऐवजी फुली, क्रॉसऐवजी फूल, असे सगळे सापडते. अक्षरे एकेक करून वाचा, एका नजरेत वाचू नका.

शिक्क्यावरून काळ काढताना एक पक्के धरा. शिक्का 'याच्या आधीचा नाही' एवढेच सांगतो. 'याच साली बनला' असे कुठलाच शिक्का सांगत नाही, कारण जुने ठसे झिजेपर्यंत वापरले जात.

मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर असतील तर व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ई आर म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी आरशी मात्र लोक फसतात. रॉजर्सला राजघराण्याचा मान चौथ्या जॉर्जच्या काळात, १८२२ मध्ये मिळाला, म्हणून जी आर दिसले की विक्रेता थेट १८२०च्या दशकात जातो. पाचवा जॉर्ज १९१० पासून होता, त्याचीही अक्षरे जी आरच. निवाडा 'इंग्लंड' या शब्दाने होतो. अमेरिकेने १८९०च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, तेव्हापासून टँगवर 'शेफील्ड'च्या जोडीला 'इंग्लंड' येऊ लागले. जी आर आणि इंग्लंड एकत्र असतील तर तो चौथा जॉर्ज नव्हे, किंमत त्या हिशोबाने द्या. 'स्टेनलेस' कोरलेले असेल तर प्रश्नच मिटला, हॅरी ब्रिअर्लीचे स्टेनलेस शेफील्डमध्ये १९१३ला आले. आणि १९७१ मध्ये रॉजर्स आणि वोस्टनहोम एकत्र आले, त्यापुढचा माल वेगळ्याच पंक्तीत बसतो.

आता अवस्था. पाते 'पूर्ण' आहे का, हा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि उत्तर फोटोतून मिळते. उघड्या चाकूत टँगचा बोथट भाग जिथे संपतो आणि धार सुरू होते तिथे पाहा. किकपासून (टँगच्या खालच्या कोपऱ्यातल्या उंचवट्यापासून) धारेची रेषा पायरीसारखी आत गेली असेल तर तेवढे लोखंड निसण्यावर गेलेय. मग मिटलेल्या चाकूचा फोटो मागवा. टोक लायनरच्या कडेच्या खूप आत बुडालेले असेल किंवा मुठीच्या टोकापासून लांब थांबत असेल तर टोक मोडून नवे काढलेय. पाते उघडायला नख अडकवायची खाच नव्या टोकाच्या फार जवळ येते, तोही पुरावा.

चकाकणाऱ्या जुन्या चाकूची मला धास्तीच वाटते. पॉलिशच्या चाकावर धरला की टँगवरच्या अक्षरांच्या कडा गोल होतात, पाठीच्या उतरत्या छाटाची कडक रेघ विरघळते आणि बोल्स्टर साबणाच्या वडीसारखे दिसतात. काळपट, पण अक्षरे खणखणीत असलेला चाकू अर्ध्या किमतीत मिळाला तरी तोच जास्त मोलाचा.

शेफील्डला जाणे होत असेल तर केलम आयलंड म्युझियममधला हॉली संग्रह बघून या. चाकू तर आहेतच, पण ते बनवायची हत्यारे आणि अर्धवट अवस्थेतले भागही आहेत. लायनर, स्प्रिंग, पाते सुटे पाहिले की विकायला ठेवलेल्या चाकूत काय बिघडलेय ते पटकन कळायला लागते. लंडनच्या १८५१च्या प्रदर्शनासाठी रॉजर्सने बनवलेला ७५ पात्यांचा नॉरफोक नाइफ कटलर्स हॉलमध्ये आहे. खिशात मावण्याचा संबंध नाही, पण बघावा.

---

सुतळीतोडा

सगळ्यांचे आभार. लॅम्बफूट घेतला, शिसवी कव्हर, पाते बोल्स्टरपासून ७१ मिमी. कागदाची पट्टी फटीत जात नाही, पाते हलत नाही. दोन तक्रारी. उघडझाप करताना सांध्यातून काळसर वंगण येतेय आणि करकर जाणवते. आणि झटक्यात मिटवला की 'टक्' ऐवजी 'टिंग' असा आवाज येतो, नंतर पाहिले तर टोकापासून सेंटिमीटरभर मागे धार चमकतेय, म्हणजे बोथटलीय. परत पाठवू का?

रॉजर्सही एक बघून ठेवलाय. व्ही आर, नॉरफोक स्ट्रीट, 'इंग्लंड' नाही. कव्हर पांढरी, विक्रेता 'हाड किंवा हस्तिदंत असेल' म्हणतो.

---

निसणा

परत पाठवू नका, दोन्ही घरी सुटतात.

काळे वंगण म्हणजे पॉलिशची पेस्ट आणि लोखंडाचा कीस. ते आत राहू देऊन नुसते वरून तेल घातलेत तर तीच पेस्ट घासाई करत राहील आणि सहा महिन्यांत पाते हलायला लागेल. चाकू अर्धा उघडा, सांधा खाली करून धरा, पातळ फवाऱ्याचे तेल टँगच्या दोन्ही बाजूंनी सोडा आणि कागदी रुमालावर वीस-पंचवीस वेळा उघडझाप करा. रुमालावर काळे ओघळ येतील. पुसा, पुन्हा सोडा. ओघळ स्वच्छ येईपर्यंत हेच, बहुधा चार-पाच फेऱ्या. मुठीच्या आतली खाच दातकोरणीला कापडाची चिंधी गुंडाळून पुसून घ्या, सगळ्यात जास्त घाण तिथेच दडते. पाण्यात बुडवू नका, शिसवी फुगते आणि पिनाभोवती तडकते. शेवटी सांध्यात खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा एक थेंब. एकच. जास्त घातलेत तर ते खिशातल्या सुताला बोलावणे.

आता 'टिंग'. मिटलेल्या चाकूचे पाते किकवर टेकलेले असते. किक म्हणजे टँगच्या खालच्या कोपऱ्यातला धार नसलेला उंचवटा. तो स्प्रिंगवर बसतो म्हणून धार अधांतरी राहते. झटक्यात मिटवले की किक स्प्रिंगवर आदळते, स्प्रिंग क्षणभर दबते आणि धार तिच्यावर आपटते. लॅम्बफूटची धार सरळ असल्यामुळे धार आणि स्प्रिंग यांच्यातले अंतर मुळातच कमी, म्हणून या पात्यात हा दोष जास्त दिसतो.

आधी खात्री करा. स्प्रिंगच्या आतल्या कडेवर मार्करने काळी रेघ ओढा, पाते हळू, हाताने धरून मिटवा आणि उघडा. रेघ शाबूत असेल तर हळू मिटवल्यावर धार टेकत नाही. मग झटक्याने मिटवून पाहा, जिथे रेघ तुटेल तिथे आपटतेय. हळू मिटवतानाच रेघ तुटली तर किक कमी उंचीची आहे, तो बनवणाऱ्याचा दोष, परत पाठवा. तुमच्या वर्णनावरून फक्त झटक्याचा प्रकार दिसतो. उपाय साधा आहे, पाते शेवटपर्यंत बोटांनी धरून मिटवायचे. आणि तीन-चार वेळा सबंध धार लावून झाली की पाते अर्धा मिलिमीटर अरुंद होते आणि आपटणे आपोआप थांबते.

धार लावताना लोक इथेच घोटाळा करतात, म्हणून जरा सविस्तर. निसणा धारेच्या मागच्या टोकापर्यंत नेताना किकवर घासला जातो. किक घासली की पाते मिटल्यावर आणखी खाली बसते आणि आपटणे बंद होण्याऐवजी कायमचे होते. किकवर दोन वेढे चिकटपट्टी लावा. पट्टी फाटली की समजायचे, हात फार मागे गेला. उलट, भीतीने मागचे चार-पाच मिमी सोडून दिलेत तर काही महिन्यांत तिथे उंचवटा राहतो आणि सरळ धारेला पोक येतो. मग फळीवर कापताना मधला भाग टेकतच नाही, सुतळीचे दोन पीळ शिल्लक राहतात. दगडाची कड तीक्ष्ण असेल तर त्या कडेला धारेचा मागचा कोपरा नेमका भिडवता येतो, गोल कडेच्या झिजलेल्या दगडावर हे जमत नाही.

कोन. कारखान्याची धार जाड असते, दोन बाजू सारख्या नसतात. तुमचे पाते १२ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून ४ मिमी उचलली की प्रत्येक बाजूला साधारण २० अंश. दोन पेन्सची दोन नवी नाणी एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी उंची होते. एका पौंडाच्या नाण्याने, २.८ मिमी, साडेतेरा अंश होतात, सफरचंदाला छान, खोक्यांना नाजूक. मी मधला, पाठ साडेतीन मिमी वर, सुचवेन. नाणे फक्त कोन हाताला कळण्यापुरते, घासताना ते काढून ठेवा.

४००च्या (भरड) दगडावर एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला सबंध लांबीभर बारीक कंगोरा बोटाला लागेपर्यंत. मधेच बाजू बदललीत तर आयुष्यभर घासत बसाल. मग दुसरी बाजू तशीच. नंतर १०००च्या (बारीक) दगडावर दाब अर्धा करून दहा-बारा हात, शेवटचे हात एकाआड एक बाजूला. टोकाशी मनगट उचलू नका. पोटाच्या पात्याला ती सवय लागते, लॅम्बफूटचे टोक त्याने गोल होते. टोक दगडाच्या मधोमध थांबवा, दगडावरून घसरू देऊ नका.

---

पितळीखिळा

@निसणा, स्प्रिंगच्या खाचेत चामड्याची पातळ पट्टी चिकटवणारेही बरेच आहेत, पाते त्यावर टेकते. सांगून टाकावे म्हणून लिहितो.

---

निसणा

माहीत आहे, मुद्दामच गाळले. चामडे ओल धरून ठेवते. कार्बन स्टीलची धार रोज त्या ओलीवर निजवायची म्हणजे बोथटपणाच्या बदल्यात गंज विकत घ्यायचा. बाजारी चामड्यात कमावण्याची आम्लेही उरलेली असतात. संग्रहातल्या, न वापरायच्या चाकूला तर नकोच नको.

---

पितळीखिळा

आम्लांचे मान्य. तरी ज्याची किक आधीच घासून गेलीय त्या चाकूला दुसरा इलाज काय? मेणात भिजवलेली बुचाच्या लाकडाची अर्धा मिमी चकती टोकाकडच्या भागात लावा, ओल धरत नाही आणि नको झाली की निघते. असो.

रंगाबद्दल: सफरचंद कापले की पाते निळसर-करडे होईल, तो गंज नव्हे, तो थर पुढच्या गंजाला अडवतो. बोटाला तांबूस भुकटी लागली तर मात्र गंज, तेल लावलेल्या कापडाने लगेच पुसा. व्हिनेगारमध्ये पाते बुडवून तो थर एकदम आणतात, पण सांध्यात शिरलेले व्हिनेगार बाहेर काढता येत नाही. फळे खा, पाते कोरडे पुसा, महिनाभरात रंग येतो.

---

जुनाबाजार

पांढऱ्या कव्हरचे उत्तर द्यायला थांबलो होतो, कारण यात पैसे आणि कायदा दोन्ही आहेत.

भिंग घ्या, दहापट पुरे. हाडात बारीक काळपट ठिपके आणि तुटक रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंतात ते नसतात, पृष्ठभाग सलग असतो, आणि आडव्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. चाकूच्या कव्हरचे असे टोक बोल्स्टरच्या विरुद्ध बाजूला मिळू शकते. सगळ्या रेघा समांतर आणि आखल्यासारख्या एकसारख्या असतील तर सेल्युलॉइड. तापलेली सुई टोचून बघायच्या भानगडीत पडू नका, डाग कायमचा राहतो आणि सेल्युलॉइड असेल तर पेट घेते.

हाड निघाले तर आनंदाने घ्या. हस्तिदंत निघाले तर २०१८चा आयव्हरी अॅक्ट आडवा येतो, तो ६ जून २०२२ पासून लागू आहे. स्वतःजवळ ठेवणे, वारशाने मिळणे, भेट देणे चालते. खरेदी-विक्री बंद, ठरावीक सूट सोडून. त्यातली तुम्हाला लागू पडू शकणारी सूट अशी: वस्तू ३ मार्च १९४७च्या आधीची हवी, हस्तिदंत तिचा अविभाज्य भाग हवा आणि त्याचे प्रमाण एकूण आकारमानाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हवे. शिवाय व्यवहाराआधी नोंदणी करायची, शुल्क २० पौंड. व्हिक्टोरियाच्या काळातला चाकू तारखेला सहज पास होतो, पण दोन्ही बाजूंची भरीव कव्हर हस्तिदंताची असली की १० टक्क्यांत बसणे कठीण. नोंदणी नसताना 'हाड किंवा हस्तिदंत' असे मोघम लिहून विकणारा जबाबदारी तुमच्याही गळ्यात घालतोय. सोडून द्या, व्ही आरचे शिंगाचे किंवा हाडाचे चाकू भरपूर मिळतात. आणि असा चाकू भारतात न्यायचा विचार असेल तर तोही सोडा, तिथे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे.

सेल्युलॉइड निघाले तर वेगळीच डोकेदुखी. ते कुजते तेव्हा आम्लाची वाफ सोडते. आधी कापरासारखा वास, मग कव्हरवर जाळीदार तडे, पितळी लायनरवर हिरवट थर आणि नेमके कव्हरलगतचे पाते गंजलेले. बंद डब्यात असा एक चाकू ठेवलात तर शेजारचे चार निरोगी चाकू खराब होतात. घेतलाच तर वेगळा, हवेशीर जागी ठेवायचा.

---

सुतळीतोडा

भिंगाखाली पाहिले. काळे ठिपके भरपूर, जाळी कुठेच नाही. हाड. मार्करची रेघ हळू मिटवल्यावर शाबूत राहिली, त्यामुळे लॅम्बफूट ठेवतोय. चौथ्या फेरीला तेल स्वच्छ आले.

रॉजर्सच्या पात्यावर किकपाशी बारीक पायरी आहे, अर्ध्या मिमीच्या आसपास. टोक लायनरच्या किंचित आत. घ्यावा का?

---

जुनाबाजार

अर्धा मिमी म्हणजे शंभरावर वर्षांत कोणीतरी चार वेळा धार लावली, एवढेच. घ्या. आल्यावर धार लावू नका, पॉलिश नको, फक्त सांध्यात तेल. जुन्या शेफील्ड चाकूंपैकी काहींच्या टँगवर ही सूचना कोरलेलीच असते, 'ऑइल द जॉइंट्स'. तुमच्या चाकूची मागची बाजू पाहा, तिथे ती अक्षरे आहेत का.